सहा म्हणजे मेंदी

हर्ष केळी दाबून घ्यायचा. नुसती बघून कधीच नाही. त्याचे शर्ट दोनच तऱ्हेचे होते, पांढरे आणि निळे. सिग्नलला पुढची गाडी हलल्याशिवाय त्याची स्कूटर हलत नसे. दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, डोशाबरोबर दोन चटण्या आल्या की आधी दोन्हींचा वास घ्यायचा. ऑफिसात त्याच्या टेबलावर चोवीस खणांची एक लाकडी पेटी असे आणि प्रत्येक खणात शिवणाच्या दोऱ्याचं एक रीळ. कुणी गंमत म्हणून रीळ उचललं तर तो ते हातातून काढून घेई आणि त्याच खणात परत ठेवी. डीजेच्या तबकडीवर खूण करायला बाकीचे स्टिकर लावत, हा शिंप्याचा खडू वापरायचा. आणि काम हातावेगळं झालं की खुर्ची मागे सारून सहा पावलं लांब जायचा, डोळे बारीक करून पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मास्तरीणबाई, बरोबर दिसतंय ना?"

क्षमाने या सवयी दोन वर्षं पाहिल्या. त्यांचा आपल्या परीने अर्थही लावला. तो सगळा चुकला.

क्षमा कोल्हापूरची. मराठी घेऊन एम.ए. झाली, मग कोरमंगलात एका पीजीत राहायला आली. पडद्यावरच्या बटणांवर काय लिहायचं, मदतीच्या पानावर काय सांगायचं, हे तिचं काम. दोन ओळींत मावेल एवढंच लिहायचं. सगळ्यांना समजावून सांगणारी, म्हणून हर्ष तिला मास्तरीणबाई म्हणे. तो तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, याच शहरातला, चामराजपेटचा. त्याचं मराठी तिला आधी ऐकायला गंमत वाटे. "स्वल्प थांब की," म्हणायचा. ठीक आहे म्हणायचं तर "सरी, सोड," म्हणायचा. मालक विनोदकुमार बसवनगुडीचे. त्यांच्याही घरात मराठी होतं. अकरा माणसांच्या त्या ऑफिसात ही तिघं आपापसांत मराठी बोलत आणि बाकीचे आठ जण यांचं काहीतरी शिजतंय असं समजत.

काम होतं डीजे लोकांच्या सॉफ्टवेअरचं. ते हर्षनेच तिला पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. टर्नटेबलवर काळी तबकडी फिरते, पण तिच्यावर गाणं नसतं. नुसता एकसुरी आवाज कोरलेला असतो, शिट्टीसारखा. सुई तो वाचते. त्यावरून संगणकाला कळतं, तबकडी किती वेगाने फिरतेय, कुठवर आलीय. गाणं संगणकात असतं. हाताने तबकडी मागे ओढली की गाणं मागे येतं, सोडली की पुढे जातं.

"आणि आपण काय करायचं?" क्षमाने विचारलं होतं.

"गाणं दाखवायचं. डीजेला पुढचा ठोका ऐकू यायच्या आधी दिसायला पाहिजे."

पडद्यावर धावणाऱ्या त्या चित्राला वेव्हफॉर्म म्हणतात. जाडजूड ठोके, बारीक झांजा, मधला गळा, सगळं एका पट्टीत. हर्ष त्या पट्ट्या काढायचा. त्याच्या पट्ट्या दुसऱ्या कुणासारख्या नव्हत्या. ठोक्याचं अंग तो भरीव ठेवी, गळ्याच्या जागी विणल्यासारखी जाळी, झांजांना करवतीसारखे दाते. दोन गाण्यांच्या दोन पट्ट्या एकाखाली एक, मधे फट नाही. चौकड्याचा शर्ट शिवताना शिंपी खिशाची चौकड अंगाच्या चौकडीला जुळवतो, तशी वरच्या गाण्याची चौकड खालच्याला जुळली की समजायचं, दोन्हींचा ठोका एक झाला. ही कल्पना त्याची. वाजत असलेलं गाणं कायम वर, येणारं खाली. त्यामुळे वर कधी डावी तबकडी असे, कधी उजवी. कुठली कोणती, एवढं मात्र रंगावरून ओळखायचं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ही पट्टी पाहायला माणसं येणार होती. टर्नटेबलं बनवणारी एक कंपनी आपल्या यंत्राबरोबर सॉफ्टवेअर देणार होती आणि त्यात कुणाची पट्टी घालायची ते ठरायचं होतं. विनोदकुमारांनी आडपडदा ठेवला नाही. "हर्ष, त्यांनी घेतली तर हा विभाग तुझा. नाही घेतली तर मी तयार पट्टी विकत आणणार. मग मला पट्ट्या काढणारा माणूस कशाला?"

"सरी सर," हर्ष म्हणाला. तीन वर्षांची मेहनत होती ती.

शुक्रवारी विनोदकुमारांनी मोठ्या पडद्यावर पट्टी पाहिली आणि नाक मुरडलं. "रंग मेलेत. जरा साडीसारखे कर की. तुझ्या घरी तर कापडाचं दुकान आहे."

हर्षने पेटी पुढे ओढली. सहाव्या खणातलं रीळ काढलं, फोनने फोटो घेतला, परत ठेवलं. एकोणिसाव्या खणातलं काढलं, फोटो घेतला, परत ठेवलं. फोटोतून रंग उचलून दोन पट्ट्यांना दिले. मग सहा पावलं मागे.

"मास्तरीणबाई, बरोबर दिसतंय ना?"

क्षमा फोनवर आईशी बोलत होती. तिने मान वर केली. दोन्ही पट्ट्या लाल होत्या. एक जरा विटकरी, एक जरा डाळिंबी. अंग आणि काठ असावेत तशा. तिला वाटलं, हर्षने मुद्दाम केलंय. दोन गाणी एकमेकांत विरघळतात, म्हणून रंगही जवळचे. वा.

"सुंदर," ती म्हणाली आणि पुन्हा आईशी बोलू लागली.

हर्षने पट्टी पुढे पाठवली.

रविवारी दुपारी तीनला कोरमंगलातल्या एका पबचा वरचा मजला त्यांनी घेतला होता. कंपनीची चार माणसं पुढच्या टेबलाला बसली. वाजवायला प्रणीत होता. या शहरात तबकड्यांवर वाजवणारे मोजके, त्यातला हा जुना. कंपनी त्याचा शब्द मानायची. हर्षने सकाळी दुकानातून कापडाचे दोन तुकडे आणले होते. डाव्या टर्नटेबलखाली मेंदी रंगाचा अंथरला, उजव्याखाली डाळिंबी. जो रंग खाली, तोच रंग पडद्यावर. प्रणीत खूश झाला. "हे कुणाच्या डोक्यातून आलं रे? मस्त."

पहिली वीस मिनिटं छान गेली. प्रणीत पडद्याकडे फार बघतच नव्हता. हर्ष मंचासमोर खांबाला टेकून उभा होता. क्षमा त्याच्या शेजारी.

मग प्रणीतने दोन सारख्या चालीची गाणी एकमेकांवर चढवली. दोन्ही इतकी एकजीव झाली की कुठलं कुठलं ते कळेना. जुन्याची सुई आता उचलायची होती. त्याने पडदा पाहिला. खालचं कापड पाहिलं. पुन्हा पडदा पाहिला.

"हिरवी कुठंय?" तो मोठ्याने म्हणाला.

क्षमाने कापड पाहिलं. हिरवं. पडदा पाहिला. लाल, लाल.

प्रणीतने अंदाजाने सुई उचलली. ती नव्या गाण्याची होती. उरलेलं गाणं संपायला चार ठोके होते. ते वाजले आणि सगळं गप्प झालं. वरच्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. कुणीतरी ग्लास खाली ठेवला, तोही ऐकू आला.

विनोदकुमार ताडकन उठले. "हर्ष! डावी हिरवी कुठे गेली?"

हर्ष पुढे गेला. त्याने पडदा नीट पाहिला. कापड नीट पाहिलं. चेहऱ्यावर गोंधळ होता, पण चूक सापडल्याचा नाही.

"ही की," तो म्हणाला आणि त्याने विटकरी पट्टीवर बोट ठेवलं. "बरोबर आहे की, सर."

कंपनीतली एक बाई हसायला गेली, तिलाही हसू आलं नाही. प्रणीतने हेडफोन गळ्यातून काढून हळूच ठेवले. हर्षने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी क्षमाकडे. तिचं तोंड उघडं होतं. तेवढ्यावरून त्याला कळलं. त्याने खांबाजवळची पिशवी उचलली आणि तो जिना उतरून गेला.

सोमवारी तो आला नाही. फोन बंद. संध्याकाळी क्षमा रिक्षाने चामराजपेटला गेली. दुकानाचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण दोऱ्याच्या पेटीवर जे नाव कोरलं होतं तेच तिने एका पाटीवर वाचलं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. बायका साडीचा पदर आणून ठेवत आणि गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ मागे न बघता हात घालून त्याच रंगाचा तुकडा काढत. ते नरसिंहराव, हर्षचे वडील. फळ्यांवर हजारभर रंग असतील. प्रत्येक गठ्ठ्यावर एक नंबर.

"काय पाहिजे अम्मा? साडी आणलीस?"

"मी क्षमा. हर्षच्या ऑफिसातली."

"ओ! मास्तरीण! ये, बस की. विद्या, स्वल्प कॉफी आण गं." मग आवाज उतरला. "काल आल्यापासून जेवला नाही. वर बसलाय. भांडण झालं काय हापिसात?"

क्षमाने सांगितलं. पट्टीचं, कापडाचं, हिरव्याचं. नरसिंहराव ऐकता ऐकता उभे राहिले.

"रंग? तो हापिसात रंगाचं काम करतो?"

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

"गाण्याचं म्हणून सांगितलं होतं आम्हाला! आप्पा, गाण्याचं काम आहे, कानाचं काम आहे." ते मटकन बसले. "त्याला लाल-हिरवं कळत नाही, अम्मा. जन्मापासून. तुला ठाऊक नव्हतं? शेजारी बसतेस ना तू?"

क्षमाने नाही म्हणून मान हलवली.

नरसिंहराव बोलत राहिले, तिच्याशी नाही, समोरच्या फळ्यांशी. हर्ष बारा वर्षांचा असताना एक बाई मुलीच्या लग्नाची मेंदी साडी घेऊन आली. त्यांनी त्याला मेंदी काढायला सांगितली, त्याने डाळिंबी आणून ठेवली. दुकानातल्या बायका हसल्या. आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, याला परत गल्ल्यावर बसवू नका. या घराण्याचे हात पिढ्यान् पिढ्या कापड रंगवण्यात गेलेले. त्या आठवड्यात नरसिंहरावांनी ती पेटी करून घेतली. चोवीस खण, चोवीस रिळं. सहा म्हणजे मेंदी. एकोणीस म्हणजे डाळिंबी. रोज रात्री त्याच्याकडून घोकून घेतलं. पोराने रंग जागेवरून ओळखायचे. मग सगळ्या दुकानालाच नंबर टाकले, तरी आजोबा ऐकेनात.

"पण मग शुक्रवारी चूक कशी झाली?" क्षमा म्हणाली. "पेटीतूनच घेतले त्याने रंग."

"आयुधपूजेला पेटी घरी आली होती," विद्याश्री दारातून म्हणाली. ती हर्षची धाकटी बहीण, कॉलेजात शिकणारी. "कात्री, टेप, मशीन, सगळ्यांबरोबर पेटीची पूजा करतो आम्ही. दर वर्षी आई पुसायची. यंदा ती मावशीकडे होती ना, मी पुसली. रिळं काढली. परत लावताना..." ती थांबली.

"परत लावताना काय?"

"चार कोपऱ्यांत चार लाल ठेवली, आप्पा. कुंकवासारखी दिसावीत म्हणून. फोटो पण काढला मी."

सहा खणांच्या चार ओळी. क्षमाने मनात कोपरे मोजले. एक, सहा, एकोणीस, चोवीस.

"तुला माहीत नव्हतं पेटी कशाला आहे?" नरसिंहरावांनी विचारलं.

"मला वाटलं, अण्णाला आवडते म्हणून नेतो!" विद्याश्री रडायला लागली.

हर्ष माळ्यावर पांढऱ्या अस्तराच्या गठ्ठ्यांवर बसला होता. खालचं सगळं त्याने ऐकलं होतं.

"फोटोतून रंग उचलला की संगणक त्याचे तीन आकडे दाखवतो," तो आपणहून म्हणाला. "आकडे वाचले असते तरी कळलं असतं. मी नेहमी वाचतो. त्या दिवशी नाही वाचले. सहा होतं ना. सहा म्हणजे मेंदी. आप्पांनी लिहिलेलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला कळलं असतं तर तू जपून बोलली असतीस. मला पटकन बोलणारं माणूस पाहिजे होतं."

"मी सुंदर म्हणाले."

"हो. म्हणून तर पुढे पाठवलं."

दोन वर्षं. रोज तीनदा, चारदा. बरोबर दिसतंय ना? तिला वाटे, याला कौतुक हवं असतं. कधी कधी आणखीही काही वाटे. तो तिचे डोळे मागत होता आणि ती मत देत होती.

मंगळवारी हर्ष ऑफिसात आला. विनोदकुमारांनी दार लावलं, पण काच होती आणि आवाज चढलेला होता.

"तू मला फसवलंस."

"तुम्ही विचारलं नाही, सर."

"हे विचारायचं असतं? उद्या ड्रायव्हरला विचारू, बाबा, रस्ता दिसतो ना?" मग आवाज जरा खाली आला. "आणि मजा बघ. प्रणीतचा फोन आला. पट्टी पाहिजे म्हणतो. पबच्या लाल दिव्यात बाकीच्यांच्या पट्ट्या जातात वाहून, ही एकच डोळे बारीक करून वाचता येते म्हणतो. कंपनी तयार आहे. फक्त रंग नीट करून द्या."

"मला रंगाशिवाय करू द्या," हर्ष म्हणाला. "डावी-उजवी विणीवरून ओळखता येईल. कापडाला उलट-सुलट बाजू असते तशी. कुणालाच रंग लागणार नाही."

विनोदकुमारांनी कपाळ चोळलं. "शुक्रवारी पाच वाजता दाखव. जमलं तर तू इथे. नाही तर पट्टी राहील, तू नाही. मी साफ सांगतो."

हर्ष कामाला लागला. डाव्या तबकडीच्या पट्टीत त्याने तिरक्या रेघा भरल्या, उजवीकडे कललेल्या. पट्टी धावू लागली की रेघा वर चढत आहेत असं वाटे. गाणं उचललं जातंय असं. क्षमा बघतच राहिली. या वेळी तिने घाई केली नाही. पट्टीला मागे नेलं, पुढे नेलं, लांब जाऊन पाहिलं, मग म्हणाली, "डावी आहे. शंकाच नाही." तो पहिल्यांदा हसला.

उजवीला त्याच रेघा उलट्या केल्या की झालं, असं तिला वाटलं. त्यानेही आधी तेच केलं. पण उलट्या रेघा धावताना खाली घसरत. गाणं बुडत चाललंय असं वाटे. त्याने रेघा पुसल्या. ठिपके घातले, ते धावताना एकमेकांत मिसळले. बारीक बुट्टी घातली, तिचे ठोके वाटू लागले. बुधवारचा दिवस त्यातच गेला.

बुधवारीच दुपारी विनोदकुमारांनी क्षमाला आत बोलावलं. "कंपनीला नमुना पाठवायचाय. तात्पुरता. जुन्या पट्टीला दोन रंग तू निवड. तुझे डोळे चांगले आहेत. नावं पण लिही."

तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. एक खरा मेंदी, एक डाळिंबी. खाली लिहिलं, 'डावी: मेंदी. उजवी: डाळिंबी.' तात्पुरतंच आहे, शुक्रवारी हर्षची नवी येणार, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याला मात्र सांगितलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता कंपनीची मेल सगळ्यांना आली. पट्टी मिळाली, रंग उत्तम, हीच अंतिम समजावी. विनोदकुमारांनी खाली धन्यवाद लिहिले होते.

हर्षने मेल वाचली. पट्टी उघडली. बराच वेळ पाहिली. त्याच्या डोळ्यांना ती रविवारच्या पट्टीसारखीच दिसत असणार. मग खाली, रंग कुणी बदलले ते लिहिलेलं असतं, तिथे त्याने नाव वाचलं.

क्षमा शेजारी बसली होती.

"बरोबर दिसतंय ना?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"हो," ती म्हणाली.

"सरी, मग."

त्याने चालू फाइल जतन केली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि बाराच्या आत तो निघून गेला. कुणाला वाटलं, चहाला गेला. पेटी टेबलावरच राहिली. शुक्रवारी सकाळी क्षमाने नरसिंहरावांना फोन करून एकेका खणाचा रंग विचारून घेतला आणि चोवीस रिळं जागच्या जागी लावली. "तो कुठे निघून नाही ना गेला?" असं तिने भीत भीत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कुठं जातो? खाली बसलाय माझ्याजवळ. नंबर सांग म्हणतो, काढून देतो. बायका हसत नाहीत आता."

पाच वाजता विनोदकुमार घरी गेले. त्यांना शुक्रवारची आठवण नव्हती.

क्षमाने हर्षचा संगणक उघडला. त्याची नवी पट्टी एकदा पाहायची होती म्हणून. वरच्या पट्टीत तिरक्या रेघा होत्या, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत, एकही सुटलेली नाही. खालची, उजव्या तबकडीची पट्टी सुरू होत होती. तीन ठोके नव्या विणीचे होते, तिने आधी न पाहिलेले. बारीक उभे टाके, एक लांब, एक आखूड. त्यांच्यापुढे गाणं सबंध पडलं होतं, पण त्यात काहीच भरलेलं नव्हतं.

तिने टेबलावरची तबकडी हाताने फिरवली. तीन ठोके धावले आणि घसरले नाहीत. चौथ्याच्या जागी नुसती रेघ आली.